सोळा अक्षरं दोनदा

रिओ पिएद्रास, २ सप्टेंबर १९९७

दॉन हेरिबेर्तो यांस,

आपल्याकडे वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना पहिल्याच ओळीत आशीर्वाद मागायचा असतो. तो मी मागत नाही. ज्या माणसाला मी ओळखत नाही त्याला उगाच कामाला का लावायचं?

तुमचा पत्ता नेरेइदा आत्याने दिला. तिच्यावर चिडू नका. मी तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले होते आणि पत्ता मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणाले होते. शेवटी तिने मला घालवण्यासाठी तो लिहून दिला.

मी इराइदा. तुम्ही आपलं आग्वादा गाव सोडून अमेरिकेत हार्टफर्डला गेलात तेव्हा मी नुकती चालायला लागले होते. आता पंचवीस वर्षांची आहे. केस अजून तसेच पांढरे आहेत आणि गाव अजून मला आईच्या नावाने ‘प्रोवीची गोरीण’ म्हणतं. तुमचं आडनाव मात्र माझ्या नावात आहे, आणि यापुढे ते बऱ्याच ठिकाणी छापून येणार आहे, म्हणून म्हटलं तुमच्या कानावर घालावं.

मला विद्यापीठात मॉलिक्युलर मेडिसिनच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. नवा अभ्यासक्रम आहे, जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीची मुलं सान हुआनच्या महागड्या शाळांतली. आग्वादाच्या सरकारी शाळेतून आलेली मी एकटी, आणि प्रवेश परीक्षेत पहिली आलेलीही मीच. हे मी दोनदा लिहिणार होते, पण आई म्हणते की चांगलं दिसत नाही.

गावाने मला डॉक्टर करून टाकलंय. शेजारच्या आजी गुडघे दाखवायला आल्या होत्या. मी म्हटलं, मी तसली डॉक्टर होणार नाहीये. तर त्या म्हणाल्या, “कसलीही हो, पण गुडघा बघून घे.” शेवटी आईने त्यांना समजावलं: “ती माणसं तपासत नाही. माणसं ज्याची बनतात ते तपासते.” इतकं सोपं तर आमच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी आमच्या प्रमुख, डॉक्टर इसेर्न, यांनी प्रत्येकाला विचारलं की इथे का आलात. कोणी कर्करोग बरा करायला आलं होतं, कोणी मधुमेह. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “माझा रंग कुठून आला ते शोधायला.” बाईंनी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाल्या, “चला, एकीचं काम तरी दोन वर्षांत होण्यासारखं आहे.”

माझं काम तेच आहे, दॉन हेरिबेर्तो. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

इराइदा

रिओ पिएद्रास, १८ नोव्हेंबर १९९७

दॉन हेरिबेर्तो यांस,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी माझं स्वतःचं रक्त मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मला दूरचं नीट दिसत नाही आणि बुबुळं एका जागी ठरत नाहीत, त्यामुळे सगळं काम मी नळीला नाक लावून करते. वर्गातला एक शहाणा म्हणाला, “इराइदा वासावरून निकाल सांगते.” मी म्हटलं, “तुझा कालचा प्रयोग सडलाय, ते वासावरूनच कळलं.” तेव्हापासून तो माझ्या शेजारी बसतो, चुका दाखवून घ्यायला.

तर रक्त. जखम झाली की ती बुजवायला ज्या बारीक चकत्या धावतात, त्या प्लेटलेट. इतरांच्या प्लेटलेटमध्ये काळे ठिपके दिसतात, त्यांतच रक्त थांबवायचा मसाला असतो. माझ्या प्लेटलेट काचेसारख्या रिकाम्या निघाल्या. मी बराच वेळ बघत राहिले. लहानपणी माझी दाढ काढली होती तेव्हा आई दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्या तोंडात टॉवेल दाबून बसली होती आणि शेजारपाजारचे म्हणत होते, गोऱ्यांचं रक्तच पातळ. आता कळलं काय ते. रंग कमी, नजर कमी आणि रक्त न थांबणं, हे तिन्ही एकाच बिघाडाचे भाऊ. या आजाराला दोन परदेशी डॉक्टरांचं नाव आहे, हर्मान्स्की आणि पुडलाक. नाव त्यांचं, पण अख्ख्या जगात त्याची सगळ्यात जास्त माणसं आपल्या बेटाच्या वायव्य कोपऱ्यात राहतात. आपल्या कोपऱ्याचा पहिला नंबर कशात तरी आला.

चाळिशीच्या आसपास फुप्फुसंही कडक व्हायला लागतात. हे आईला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायला सोपं जातं, याचं मलाच नवल वाटतं.

गावात माझ्या रंगाचा खुलासा फार पूर्वीच झालेला आहे. आई तेव्हा अमेरिकन हवाई तळाच्या मुदपाकखान्यात भांडी घासायला जायची. तळावर सोनेरी केसांचे वैमानिक. घरी पांढऱ्या केसांची मुलगी. आईबाप दोघेही गहू भाजल्यासारखे सावळे. अशा ठिकाणी कोणाला शाळेत जावं लागत नाही, उत्तर सगळ्यांना येतं. ते तुम्हालाही आलं.

आत्या सांगते, बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून तुम्ही विचारलंत, “ही कोणाची?” आई म्हणाली, “तुझी.” त्यावर तुम्ही भांडला नाहीत, हात उगारला नाहीत. तुम्ही नुसते थांबलात. माझे केस काळे होतात का ते रोज सकाळी बघत राहिलात. झाले नाहीत, तेव्हा बॅग भरलीत.

आईने आजवर तुमच्याबद्दल वाईट शब्द काढलेला नाही. चांगलाही काढलेला नाही. तळ बंद झाल्यावर तिने शाळेच्या खानावळीत नोकरी धरली, आणि गावातली जी मुलं मला गोरीण म्हणून चिडवायची, त्यांच्याच ताटात भात वाढत राहिली. वाढताना हात कधी आखडला नाही. मी एकदा विचारलं होतं, तू त्यांना काही बोलत का नाहीस? म्हणाली, “मला माहीत आहे ना. मग मी कशाला बोलू? बोलावं ते ज्याला शंका आहे त्याने.”

इराइदा

रिओ पिएद्रास, २४ फेब्रुवारी १९९८

दॉन हेरिबेर्तो यांस,

आई रक्त द्यायला प्रयोगशाळेत आली. वाटेत उतारूंनी खच्चून भरलेल्या गाडीत मांडीवर तुरीच्या भाताचं पातेलं घेऊन, कारण एवढी माणसं दिवसभर काम करतात तर खातात काय, हा तिचा प्रश्न. सुई टोचली तेव्हा तिने हात पुढे केला आणि तोंडाने डॉक्टर इसेर्नना मीठ बरोबर आहे का विचारत राहिली. त्या दिवसापासून बाई मला विचारतात, “आई कधी येणार?” माझी चौकशी कमी झालीय.

नळ्यांवर फक्त आकडे होते आणि प्रयोग दुसऱ्या मुलीने केला, म्हणजे मी मनासारखं काही पाहू नये. निकाल असा आहे. प्रत्येक माणसात हा जीन दोन प्रतींत असतो, एक आईकडची, एक वडिलांकडची. माझ्या दोन्ही प्रतींत एका ठिकाणी सोळा अक्षरं चुकून दोनदा लिहिली गेली आहेत. जेलमध्ये, म्हणजे ज्या चिकट थरातून वीज लावून नमुने पुढे सरकवतात त्यात, ती लांबलेली प्रत मागे राहते आणि तिचा पट्टा वर दिसतो. माझ्या रांगेत नुसता वरचा पट्टा. आईच्या रांगेत दोन, एक वर, एक खाली. म्हणजे तिची एक प्रत चुकीची, एक चांगली, म्हणूनच ती सावळी आणि धडधाकट. एका चुकीने काही होत नाही. मूल असं व्हायला दोघांकडून एक एक चूक यावी लागते.

दोघांकडून. पुन्हा वाचा हवं तर.

मी बाईंना विचारलं, “ही दुसरी प्रत एखाद्या अमेरिकनाकडून येऊ शकते?” त्यांनी मला कारण विचारलं नाही. आपल्या बेटाबद्दल त्यांना सगळं ठाऊक आहे. म्हणाल्या, “ओहायोच्या पोराकडे ही सोळा अक्षरं नसतात. ही आपल्याच कोपऱ्यातली चूक आहे, आपल्याच पणजोबा-खापरपणजोबांनी जपून ठेवलेली. इराइदा, तुझ्या अंगात एक थेंब परदेशी नाही. तुझ्याइतकी इथली मुलगी अख्ख्या विद्यापीठात सापडायची नाही.”

मी संडासात जाऊन रडले. आनंदाने, कळवून ठेवते. जन्मभर ज्या रंगामुळे मला परकी म्हटलं, तोच रंग मी इथली असल्याचा पुरावा निघाला. मला इतका अभिमान वाटला की मी टोपी न घालता भर उन्हात बाहेर पडले, आणि नाक भाजून घेतलं.

आता खरं तेच लिहिते, कारण शास्त्रात लपवाछपवी चालत नाही. यातून एवढंच ठरतं की माझा बाप वैमानिक नव्हता, आपल्याकडचा होता. तो तुम्हीच, हे आईला ठाऊक आहे आणि मलाही. पण कागदावर ठरवायचं तर तुमचा नमुना हवा. सोबत एक डबी पाठवते. आत कापसाची काडी आहे. गालाच्या आतल्या बाजूला फिरवायची, नळीत घालायची, परत पाठवायची. टपाल हशील भरलेलं आहे.

आईला हे पसंत नाही. मी डबी बांधत होते तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मला कोणाच्या थुंकीचा दाखला नकोय.” मी म्हटलं, “तुला नको असेल, माझ्या प्रबंधाला हवाय.” हे अर्धंच खरं होतं आणि तिला ते कळलं. तरी पाठवते आहे.

इराइदा

रिओ पिएद्रास, ५ मे १९९८

दॉन हेरिबेर्तो यांस,

डबी परत आली. न उघडता. वर तुमच्या अक्षरात ‘स्वीकारली नाही’. तुमचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्यासारखंच डावीकडे झुकतं.

प्रबंधातल्या तक्त्यात मी लिहिलं: ‘वडील: नमुना उपलब्ध नाही.’ बाई म्हणाल्या, अशी वाक्यं प्रत्येक प्रबंधात असतात. माझ्या प्रबंधात सत्तावीस कुटुंबं आहेत आणि बाकी सगळ्यांचे बाप हजर आहेत. कोणी शेतावरून आला, कोणी बंदरावरून. एकाने सुई बघितली आणि चक्कर येऊन पडला, पण आला.

आई म्हणाली, “झालं समाधान?” आणि मला जेवायला वाढलं.

यापुढे लिहिणार नाही.

इराइदा

आग्वादा, ११ नोव्हेंबर १९९८

दॉन हेरिबेर्तो यांस,

तुमचं पत्र मिळालं. चक्रीवादळानंतर आमच्याकडे आत्ता कुठे वीज आली, टपाल त्याहून उशिरा. मी प्रबंध संपवायला घरी आले आहे, त्यामुळे पाकीट आईच्या हातात पडलं. तिने पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, ते टेबलावर माझ्या बशीशेजारी ठेवलं आणि कपडे वाळत घालायला गेली.

तुम्ही न मागता पहिल्याच ओळीत मला आशीर्वाद दिलात. त्याबद्दल नंतर कधीतरी. आधी तुमच्या नव्या नातीचं बघू, ते महत्त्वाचं आहे.

तुम्ही विचारता, दोन सावळ्या माणसांना पांढऱ्या केसांची मुलगी होऊ शकते का. हा प्रश्न तुम्ही मला विचारता, याची गंमत तुमच्या लक्षात आली असेलच. होऊ शकते. तुमच्या मुलाची बायको लुर्देस मूळची आपल्या शेजारच्या मोकाची, आणि आपल्या भागात वीस-एकवीस माणसांत एकाच्या अंगी ही चूक असते. तुम्ही लिहिता, इस्पितळात बाळाच्या टाचेला टोचलं तर कितीतरी वेळ रक्त थांबेना. तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही, पण हे पत्र मिळेल त्याच दिवशी एवढं करा. बाळाला अ‍ॅस्पिरिन, किंवा ते असलेलं कुठलंही औषध, अजिबात द्यायचं नाही. डॉक्टरांना आजाराचं नाव सांगा, मी वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. तिकडच्या डॉक्टरांनी ते ऐकलं नसेल तर त्यांना आमच्या प्रयोगशाळेचा नंबर द्या. बाई इंग्रजीतून चांगल्या खडसावतात.

आता दुसरं. तुम्ही लिहिता, तुमचा मुलगा एदी घर सोडून मित्राकडे राहायला गेलाय. लुर्देस विम्याच्या कचेरीत आहे आणि तिचा साहेब सोनेरी केसांचा आहे. तुमच्या घराण्यात सोनेरी केसांची भारी दहशत आहे.

एदीची आई पार लोइसा गावची, तिकडे ही सोळा अक्षरं सापडतच नाहीत म्हटलं तरी चालेल. बाळाला दोघांकडून एक एक चूक मिळाली असेल, तर एदीची कुठून आली? बसून विचार करा. तुम्ही डबी परत पाठवलीत, पण तुमचा नमुना हार्टफर्डमध्ये पाळण्यात निजलाय, न मागता मिळालेला.

तुम्ही मला विनवता की एदीला मीच पत्र लिहावं, मी शिकलेली आहे, माझं तो ऐकेल. आणि लगेच कंसात लिहिता की त्याला माझं नाव माहीत नाही. म्हणजे चोवीस वर्षांत तुम्ही त्याला बहीण आहे हेच सांगितलेलं नाही.

मी लिहिणार नाही. रागाने म्हणत नाही. ज्याच्या रक्ताची गोष्ट त्यानेच ती सांगायची, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात, आणि मी माझ्या कामात हयगय करत नाही. तुम्ही जा. शास्त्रातलं एक अक्षर सांगायची गरज नाही. तुम्ही बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून काय विचारलं होतंत ते सांगा, आणि ती मुलगी कोणाची निघाली ते सांगा. लुर्देससमोर सांगा. तिची मान खाली गेलीय ती तुमच्या मुलामुळे, आणि तुमचा मुलगा असा वागला तो तुम्ही गप्प राहिल्यामुळे.

घाई करा, दॉन हेरिबेर्तो. केस काळे होण्याची वाट बघू नका.

इराइदा

आग्वादा, २१ डिसेंबर १९९८

दॉन हेरिबेर्तो यांस,

चार तारखेला माझा प्रबंध मान्य झाला, विशेष गुणवत्तेसह. आई पहिल्या रांगेत बसली होती, नव्या निळ्या पोशाखात, मांडीवर पर्स घट्ट धरून. बाहेरून आलेल्या परीक्षकाने तक्त्यावर बोट ठेवलं: “या एका कुटुंबात वडिलांचा नमुना नाही. मग निष्कर्ष कशावर?” तुमच्या नातीचं नाव माझ्या जिभेवर होतं. पण ते सांगणं माझं काम नव्हतं, लुर्देसचं होतं. मी म्हटलं, “माझा निष्कर्ष सव्वीस कुटुंबांवर उभा आहे, सर. या एका कुटुंबाचं आईच्या शब्दावर घेतलंय.” तो हसला आणि म्हणाला, “आईचा शब्द हा काही पुरावा नाही.” मागून डॉक्टर इसेर्न म्हणाल्या, “तुम्ही त्या आईला भेटला नाहीत.” सगळे हसले. आई हसली नाही. तिने फक्त मान एवढीशी हलवली, हिशेब बरोबर लागल्यासारखी.

या वेळी तुम्ही आपणहून पाठवलेली काडी दोन दिवसांनी पोचली. मी ती पाहिली. दोन पट्टे, एक वर, एक खाली. प्रबंधातला तक्ता मी बदललेला नाही. तो छापून झाला होता, आणि खरं सांगायचं तर मला बदलायचाही नव्हता. तुम्ही तेव्हा उपलब्ध नव्हतात.

पण तुम्ही गेलात, ते मला कळलं. लुर्देसने रविवारी इथे फोन केला. नंबर नेरेइदा आत्याकडून मिळवला म्हणे, आमच्याकडे सगळे रस्ते आत्याच्या स्वयंपाकघरातून जातात. तिने सांगितलं, सासरे टोपी हातात घेऊन आले, एदीला ओढत आणलं आणि लुर्देसच्या आईसमोर म्हणाले, “मी एक बायको अशीच सोडली. ती खरं बोलत होती. मुलगी माझी होती.” एदी बाळाला घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहिला. तो घरी परत आलाय. बाळाची तपासणी झाली, मला वाटलं तेच निघालं. लुर्देस ठीक आहे, घाबरलेली आहे, प्रश्न फार चांगले विचारते. माझ्या फुप्फुसांचंही विचारलं तिने. मी खरं ते सांगितलं, आणि हेही की माझा पुढचा अभ्यास त्याच्यावरच आहे. बाळ मोठं होईपर्यंत माझ्याकडे बराच वेळ आहे आणि मी प्रवेश परीक्षेत पहिली आले होते. हे शेवटी दोनदा लिहिलंच.

फुप्फुसांचं आईने ऐकलं. ती भांडी पुसत होती. तिने हातातलं फडकं ठेवलं आणि माझ्या हातातून फोन घेतला.

“लुर्देस का? मी प्रोवी. इराइदाची आई.” तिकडे रडण्याचा आवाज आला असावा. “रडून घे, रडून घे. मग नीट ऐक. पोरीला उन्हात टोपीशिवाय नेऊ नकोस. दात येतील तेव्हा टॉवेल हाताशी ठेव. शाळेत पहिल्या बाकावर बसव, मास्तर नाही म्हणाले तर तू स्वतः जाऊन बसून राहा. आणि कोणी विचारलं ही कोणाची, तर एकदाच सांगायचं. दुसऱ्यांदा नाही. दुसऱ्यांदा सांगायला लागलीस की लोकांना वाटतं, तुलाच खात्री नाही.” मग ती थोडा वेळ ऐकत राहिली, म्हणाली, “माझी? माझी आत्ताच मास्टर झाली,” आणि परीक्षकासमोर न हसलेली आई तेव्हा हसली.

नंतर तिकडे फोन दुसऱ्या कोणी घेतला. मी आईच्या शेजारीच उभी होते, मला ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, “प्रोवी?” पुन्हा म्हणालात, “प्रोवी, ऐकतेस का?” आणि मग तुम्हाला नुसता टूं टूं आवाज आला असेल.

वादळानंतर आपल्या बेटाच्या तारा अजून धड नाहीत, म्हणून तुमचा गैरसमज होऊ नये यासाठी हे पत्र. लाइन तुटली नव्हती. आईने फोन ठेवला होता.

इराइदा